खिशातला आठ नंबर

*पेरू कापायचा साधा घडीचा चाकू. पण तो स्वतःच्या हाताने उघडता येणं, ही बाबांसाठी किती मोठी गोष्ट आहे ते कळायला मला दोन वर्षं लागली. आणि मग मी कानस हातात घेतली...*

रविवारी सकाळी गुलमंडीत कधी आला आहात? दुकानांची शटर्स अर्धवट उघडलेली, सुपारी हनुमानासमोर दर्शनाची रांग, गाडी लावायला चक्क जागा! दुपारनंतर इथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आम्हा गुलमंडीकरांची रविवारची सकाळ म्हणजे जाम लाडाची. आमच्या घरी या सकाळचा एक ठरलेला कार्यक्रम होता. बाबा पैठण गेटकडे चक्कर मारून पेरू आणायचे, गच्चीवर खुर्ची टाकायचे आणि खिशातून चाकू काढायचे.

लाकडी मुठीचा, घडीचा, काळपट पात्याचा चाकू. माझ्या जन्माआधी कधीतरी कुठल्याशा जत्रेत घेतलेला. अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत अडकवायचं, खट्! पेरूच्या बरोब्बर आठ फोडी. तिखट-मीठ भुरभुरायचं. पहिली फोड आईला, दुसरी मला, मग स्वतः. फ्रीजमध्ये सफरचंदं असोत नाहीतर द्राक्षं, रविवार पेरूचाच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. वेळेत हॉस्पिटल गाठलं म्हणून निभावलं. हळूहळू पाय चालायला लागला, बोलणं सुधारलं, डाव्या हाताची मूठ वळायला लागली. पण त्या हातात नेटाने काही धरून ठेवायचं म्हटलं की गाडी अडायची. घडीचा चाकू उघडायचा तर एका हाताने मूठ घट्ट धरावी लागते आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढावं लागतं. बाबांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा चाकू खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. त्या चाकूची लाकडी मूठ आधीच चिरलेली होती, त्या दिवशी ती पुरती उकलली.

नंतर आई पेरू कापून बशीत घालून द्यायला लागली. बाबा म्हणाले, ‘नको, दातात अडकतो.’ साफ खोटं! अडकत होतं ते दुसरंच काहीतरी.

फ्रान्सचा पाहुणा

मी वाळूजला एका ऑटो कंपोनंट कंपनीत आहे, टूलरूममध्ये. एक सहकारी ट्रेनिंगसाठी फ्रान्सला गेला होता. येताना त्याने सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला (मी पोरगी असून कानशी-पान्यांत रमते म्हणून) एक घडीचा चाकू. ओपिनेल, नंबर 8.

पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, हा तर आपल्या जत्रेतल्या चाकूचा गोरा भाऊ! गोलसर लाकडी मूठ, एक पातं, नखाची खाच. पण नीट हाताळला आणि फिदा झाले. सगळे मिळून पाच भाग. पातं, मूठ, खिळा, एक पक्की रिंग आणि एक फिरणारी रिंग. बस्स. आमच्या डिझाइनवाल्यांनी धडा घ्यावा असं काम.

याची गोष्टही छान आहे. फ्रान्सच्या सावॉय भागात, आल्प्सच्या डोंगरात, जोसेफ ओपिनेल नावाच्या 18 वर्षांच्या मुलाने 1890 मध्ये हा चाकू बनवला. वडील कुऱ्हाडी, कोयते बनवणारे नावाजलेले कारागीर, त्यांच्याच वर्कशॉपमध्ये. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. 1897 मध्ये त्याने 1 ते 12 नंबरांचे चाकू काढले, नंबर वाढेल तसा चाकू मोठा. आठ नंबर त्यातला मधला, सगळ्यांच्या खिशात मावणारा. पातं साडेआठ सेंटिमीटरचं. फिरणारी रिंग मात्र बरीच नंतर आली, 1955 मध्ये. ती जोसेफच्या मुलाने, मार्सेलने काढली. चाकू उघडला की रिंग फिरवायची, पातं लॉक. आता ते बोटांवर मिटणार नाही. म्हणजे बापाने चाकू बनवला आणि मुलाने तो सेफ केला.

हे वाचलं आणि डोक्यात किडा वळवळला. जत्रेतल्या चाकूला लॉक नव्हतं, त्यामुळे तो बाबांच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नसती. पण हा? हा बाबांना उघडता येईल असा करता आला तर?

आईचा व्हेटो

घरी विषय काढला आणि आईने तोफ डागली. ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांना. एक काप गेला तर थांबायचं नाही रक्त. आणि तुला चाकूच सुचला? कॅरम आण, पत्ते आण!’

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शिवाय आमच्या घरात चाकूबद्दल आधीच शंभर नियम. चाकू हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, मग समोरच्याने उचलायचा. नाहीतर भांडण होतं म्हणे!

आणि गुलमंडीत चाकू या शब्दाला आणखी एक धार आहे. पेपरात तो शब्द ‘हल्ला’ या शब्दाला चिकटूनच येतो. 11 मे 2018 च्या रात्री मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज भागात दंगल पेटली, दोघांचे जीव गेले. आमच्या गच्चीतून धूर दिसत होता. त्याच महिन्याच्या अखेरीला तेव्हाच्या औरंगाबाद पोलिसांनी लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले. ज्या गल्ल्यांमध्ये हे घडलं, तिथली आई ‘चाकू’ म्हटल्यावर दचकणारच. सिनेमाने तर पिढ्यान्‌पिढ्या रामपुरी गुंडाच्याच हातात दिला. त्या रामपूर गावाने मात्र 2023 मध्ये आपल्या चौकात सुमारे 20 फुटी चाकू उभारला. कारागिरांचा अभिमान म्हणून!

चाकू एकच. पेरू कापायचा की माणूस, हे हात ठरवतो.

मी बाबांना घेऊन सरळ फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. वाटलं होतं, त्या मला हाकलून देतील. त्यांनी बाबांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून टोचून पाहिली, गार-गरम कळतं का ते पाहिलं. मग म्हणाल्या, ‘हाताला स्पर्श कळतोय, हे महत्त्वाचं. स्वतःच्या आवडीचं काम असेल तर माणूस हात जास्त वापरतो. पण माझ्या अटी आहेत.’ बसूनच, टेबलावर, घरात कोणीतरी जवळ असताना, डाव्या हातात हातमोजा घालून. शिवाय गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. डॉक्टरही या अटींवर ‘हो’ म्हणाले. मोजा तर माझ्याकडे होताच. शॉपफ्लोअरवर पत्रा हाताळताना घालतो तो, पात्याने सहजासहजी न कापला जाणारा. आईचा व्हेटो थोडा सैल झाला.

कानस, पॉलिश पेपर आणि तीन रविवार

आता खरं काम. आधी बाबांना चाकू मिटलेल्या अवस्थेत दिला आणि नुसतं बघत बसले. कुठे अडतंय? तीन ठिकाणी. एक, मूठ गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे डाव्या मुठीत ती गरागरा फिरते. दोन, नखाची खाच एवढीशी, नख निसटलं की पातं हलत नाही. तीन, रिंग जाम टाइट.

पहिल्या रविवारी मूठ घेतली. चाकू उघडून लॉक केला, पात्यावर जाड टेपचे चार वेढे मारले. (हे न करता काम सुरू करायचं नाही, प्लीज!) मग मुठीच्या दोन्ही बाजू कानशीने सपाट केल्या. दीड-दोन मिलिमीटर, जास्त नाही. मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते, ते बारीक कणाचं लाकूड आहे, कानशीखाली छान वागतं. वर वॉर्निशचा थर होता तो पूर्ण काढावा लागला, नाहीतर तेल आत मुरत नाही. मग पॉलिश पेपर. आधी 80 नंबर, मग 120, 240, शेवटी 400. सपाट बाजूंवर बोटं बसतील तिथे पाच आडव्या खाचा पाडल्या. आता चाकू टेबलावरून घरंगळत नाही आणि मुठीत फिरत नाही.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. ‘ही बाभळीची मूठ असती तर तुझी कानस रडली असती,’ ते म्हणाले. त्यांच्या वडिलांकडे शेतातल्या अवजारांना बाभळीचंच लाकूड असायचं. झटक्यानंतर ते स्वतःहून एवढं लांब वाक्य क्वचितच बोलायचे. मी काही न बोलता घासत राहिले.

दुसऱ्या रविवारी खाच. चाकू मिटला की पात्याची पाठ लाकडातून किंचित वर दिसते. नखाच्या खाचेजवळ मुठीच्या दोन्ही भिंतींवर पेन्सिलीने अर्धगोल आखला आणि गोल कानशीने तेवढं लाकूड काढलं. आता पातं नखाने ओढायची गरजच नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सरळ धरता येतं. इथे एकच नियम. मिटलेल्या पात्याची धार लाकडाच्या आतच राहिली पाहिजे. अर्धगोल जास्त खोल गेला तर धार उघडी पडणार आणि चाकू खिशातच तुम्हाला कापणार. मी दर चार घासण्यांनंतर चाकू मिटून बघत होते.

मग रिंग, आणि माझी फजिती! सर्क्लिप प्लायरने रिंग काढली, तिची तोंडं जरा फाकवली, परत बसवली. मस्तपैकी फिरायला लागली. जरा जास्तच मस्त. पातं लॉक करून पाठीवर दाब दिला तर रिंग आपोआप सरकली आणि पातं मिटलं! टेप होती म्हणून बोट वाचलं. सेफ चाकू करायला निघालेल्या टूलरूमवाल्या बाईने लॉकच बिघडवलं होतं. बाबा हसले. आई हसली नाही. रिंग परत काढून दाबली, बसवली, तपासली, पुन्हा दाबली. तासाभराने जमलं. बाबांच्या अंगठ्याने फिरते, पण दाबाखाली सरकत नाही. तेव्हापासून दर वेळी वापरण्याआधी लॉक तपासायचं, हा घरातला नवा नियम.

तिसऱ्या रविवारी तेल. जवसाचं तेल, तेही रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड, लवकर वाळतं म्हणून. स्वयंपाकघरातलं सूर्यफुलाचं लावू नका. ते धड वाळत नाही, मूठ चिकट होते आणि नंतर खवट वास सुटतो. फडक्याने पातळ हात फिरवायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं, दिवसभर वाळू द्यायचं. असे तीन हात. लाकडाला असा मधासारखा रंग चढला की विचारू नका! आणि हो, तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पाण्यात भिजवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

धार कोणाची?

गल्लीत महिन्यातून एकदा धारवाला येतो. सायकल स्टँडवर लावली, पायडल मारलं की चाक फिरतं, ठिणग्या उडतात. लहानपणी मला तो फटाकेवाल्याइतकाच ग्रेट वाटायचा. विळी, कात्री यांना तो बेस्ट. पण घडीच्या चाकूचं पातं पातळ असतं. फिरत्या कोरड्या चाकावर जास्त वेळ धरलं तर तापून निळं पडतं, आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे सांगायला नको.

म्हणून धार घरीच, दगडावर. हा भाग मात्र बाबांचा. पातं दगडाशी किती अंशात धरायचं? साधारण 20. कोनमापक नको. पातं उभं धरा म्हणजे 90, त्याचं निम्मं 45, त्याचंही निम्मं साडेबावीस. त्याहून जरासं खाली. दगडाला पाणी, एका बाजूने पात्याच्या कडेला बारीक बर जाणवेपर्यंत घासायचं, मग दुसऱ्या बाजूने तेवढंच, शेवटी हलके हात. नंतर जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा वेळा. धार बघायला अंगठा फिरवू नका, पेपरचा कागद कापून बघा. दगड टेबलावर ओल्या फडक्यावर ठेवला तर सरकत नाही, त्यामुळे बाबांना उजव्या हाताने पातं फिरवता येतं आणि मोज्यातला डावा हात नुसता टेकलेला चालतो.

माझा चाकू साध्या कार्बन पोलादाचा आहे, स्टेनलेस नाही. याची धार झकास लागते, पण गंजही पटकन धरतो. वापरून झाला की पुसायचा, कोरडा करायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आंबट लागलं की पातं करडं-निळं होतं. घाबरू नका. तो गंज नाही, उलट गंजापासून थोडं संरक्षणच. आजीची विळी आठवते ना? काळीकुट्ट, पण कैरीचे तुकडे कसे सटासट पडायचे!

अकरा मिनिटांचा पेरू

जानेवारीतला शेवटचा रविवार. मी एका लाकडी पाटाला खालून दोन स्टेनलेस स्क्रू मारून त्यांची टोकं वर काढली होती, पेरू त्यावर खोचायचा म्हणजे तो पळत नाही. ही आयडिया फिजिओ मॅडमची. आई मध्येच म्हणाली, ‘एवढं सगळं करतेस, मग चाकू उघडून का देत नाहीस?’

मी म्हटलं, ‘आई, उघडणं हाच तर मुद्दा आहे.’

बाबांनी मोज्यातल्या डाव्या हातात मूठ धरली. सपाट बाजू बोटांत बसली. उजव्या हाताची चिमूट अर्धगोलात गेली. एकदा निसटली. पुन्हा धरली. पातं अर्ध्यावर येऊन थांबलं, बाबांनी श्वास घेतला, आणि ते पूर्ण उघडलं. अंगठ्याने रिंग फिरवली. लॉक तपासलं. आई गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उगाच वाळत घातलेले कपडे सारखे करत होती.

पेरू कापायला अकरा मिनिटं लागली. आठ फोडी नाही झाल्या, सहाच झाल्या, त्याही वेड्यावाकड्या. पहिली फोड आईला. ती म्हणाली, ‘चांगला आहे हो पेरू,’ आणि पुन्हा कपड्यांकडे वळली.

मला इथे चमत्काराची गोष्ट सांगायची नाही. बाबांचा डावा हात पूर्वीसारखा झालेला नाही, कदाचित होणारही नाही. काही रविवारी पातं उघडत नाही आणि चाकू तसाच बाजूला ठेवला जातो. पण एप्रिलमध्ये त्यांनी कैरी चिरली, पातं मस्त निळसर झालं. जुलैत पावसाळी हवेने लाकूड फुगलं आणि पातं आत अडकून बसलं. हे या चाकूंचं नेहमीचंच. त्यावर सावॉयकडच्या लोकांची एक युक्ती आहे. मिटलेल्या चाकूचं मागचं टोक टेबलावर टक् करून आपटायचं, पातं थोडं बाहेर डोकावतं. बाबांना ती इतकी आवडली की आता ते कोरड्या दिवसांतही आधी टक् करतात. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, ‘वर काय ठोकताय?’

त्यांना नवा चाकू आवडलाय, पण प्रेम जुन्यावरच. उकललेल्या मुठीचा जत्रेतला चाकू अजून ड्रॉवरमध्ये आहे. गेल्या रविवारी त्यांनी तो बाहेर काढला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला (हातात नाही!) आणि म्हणाले,

‘पातं चांगलं आहे याचं. मूठ नवी बसव. बाभळीची.’

माझी कानस रडणार आहे, हे नक्की.

चौकट: तुम्हालाही करायचंय?

* पहिला चाकू स्वस्त घ्या. मूठ बिघडली तर जीव जळणार नाही.
* पात्याला टेप, डोळ्यांना गॉगल. सर्क्लिप प्लायरमधून रिंग सटकली तर थेट तोंडावर येते.
* लाकूड कमी काढा, वारंवार तपासा. काढलेलं परत चिकटत नाही!
* रिंगला हात लावलात तर लॉक तपासल्याशिवाय चाकू वापरू नका. आजारी किंवा वयस्क माणसासाठी करत असाल तर आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना विचारा.
* मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. लाकूड फुगतं, पातं अडकतं.
* कायदा लक्षात ठेवा. शस्त्र नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती आणि शेतीकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की छोटा चाकू बाळगूनही अडचणीत येऊ शकता. बाजारात, मिरवणुकीत, सभेत चाकू नेऊच नका. विमानातही केबिन बॅगेत चालत नाही.
* आणि वापरा! हुरडा पार्टीला ऊस सोलायला, दौलताबादच्या वाटेवर घेतलेला पेरू कापायला. पेटीत ठेवलेला चाकू नुसता गंजतो.